ओठांना इंग्रजी येत नाही

तळलेल्या केळ्यांची दोन ताटं.

काउंटरमागची एक रिकामी खुर्ची.

कानाच्या पाळ्यांपर्यंत लालबुंद झालेला एक गोरा गृहस्थ.

"माझं इंग्रजी शिकवणीतलं आहे, हे कुणी ओळखून दाखवावंच!"

हे शेवटचं इदालियाचं. निकाराग्वातल्या ग्रानादा शहरात एका छोट्या हॉटेलात ती अकरा वर्षं नाश्ता वाढत होती आणि तिला ती खुर्ची हवी होती. मालक डॉन फेर्मीन म्हणाले, "पाहुण्यांशी इंग्रजीत घरच्यासारख्या गप्पा मारून दाखव. तक्रार आली नाही तर खुर्ची तुझी. आली, तर स्वयंपाकघर आहेच!"

पाहुणे होते हॅरॉल्ड. बायको ब्रेंडा अजून वर केस वाळवत होती. इदालियानं हवा, गुडघेदुखी, नातवंडं यांवर इंग्रजीत अशा गप्पा हाणल्या, की जणू दोघं एकाच नळावर भांडत मोठी झाली!

"तळं कुठंशी आलं हो?" हॅरॉल्डनं विचारलं.

तिच्या दोन्ही हातांत ताटं. मग आमच्या निकाराग्वात सगळेच दाखवतात तसं तिनं दाखवलं. ओठांचा चंबू, पूर्वेकडे.

हॅरॉल्ड लाल झाला. "आणि... चर्च?"

चंबू, डावीकडे.

"बाजार?"

चंबू, उजवीकडे!

तेवढ्यात ब्रेंडा जिन्यावरून ओरडली, "माझे मिस्टर कुठायत?"

इदालियानं हॅरॉल्डकडे चंबू केला.

"माझ्या नवऱ्याला पापी? माझ्यादेखत?"

"पापी कसली, बाई? पत्ता सांगतेय!"

"मालकाला बोलवा!"

डॉन फेर्मीन धुतलेल्या चादरींचा गठ्ठा कवटाळून धावत आले.

"तुमच्याकडची बाई पाप्या फेकतेय!"

"कोण, ही?" म्हणत डॉन फेर्मीननी इदालियाकडे ओठांचा मस्त चंबू केला!

"अरे देवा! मालकसुद्धा!" ब्रेंडानं कपाळावर हात मारला.

डॉन फेर्मीननी चादरींत तोंड लपवलं. आतून आवाज आला, "इदालिया, तक्रार आली."

"आली ना! पण माझ्या इंग्रजीबद्दल एक अक्षर तरी आलं का? इंग्रजी मी शिकले. ओठ आईनं दिलेत, ते नाही बदलायचे! आणि ओठांपायीच नापास करायचं असेल, तर चला तुम्हीही स्वयंपाकघरात. दोन टोपल्या कांदा चिरायचाय!"

डॉन फेर्मीननी चादरींवरून हळूच डोकं काढलं. हात गुंतलेले. ब्रेंडाकडे पाठ करून, चोरासारखा, त्यांनी खुर्चीकडे चंबू केला.

इदालिया ऐटीत जाऊन बसली.

हॅरॉल्डच्या खिशात शहराचा नकाशा पहिल्यापासून होता.