क्लीव्ह करणे

इंग्लंडमधल्या पिनरला स्थायिक झालेल्या मराठी ज्यू जोसेफ यांनी नात याएल आणि तिचा नियोजित वर जोश यांना शुभेच्छापत्रावर एकच वाक्य लिहून पाठवले: तुम्ही आयुष्यभर ‘क्लीव्ह’ करा. बायबलच्या जुन्या इंग्रजीत नवरा बायकोशी ‘क्लीव्ह’ होतो, म्हणजे तिला जडून राहतो. तिथे क्रियापदामागून ‘टू’ येते. ते जोसेफ यांनी गाळले. सुशिक्षितांना अध्याहृत शब्द कळतो, अशी त्यांची समजूत होती. इंग्लंडच्या शाळांत हयातभर इंग्रजी शिकवूनही ती शाबूत राहिली, हे विशेष.

लीड्सला जोशच्या आईने, नतालीने, तो शब्द फोनवर शोधला. पहिलाच अर्थ निघाला: कुऱ्हाडीने दुभंगणे. तिने जोसेफ यांच्या पत्नीला, हदासाला, फोन करून अत्यंत सभ्यपणे विचारले, की आजोबांचा या लग्नाला विरोध आहे का.

दुसऱ्या कोणी ‘सॉरी’ म्हणून विषय मिटवला असता. जोसेफ यांनी ईमेल लिहिला. ही मुळात दोन क्रियापदे आहेत. एकाचा अर्थ चिकटणे, दुसऱ्याचा चिरणे. केवळ लिहिणाऱ्यांच्या आळसाने दोघांचा चेहरा एक झाला, हे त्यांनी सप्रमाण मांडले. चिरण्याचे उदाहरण म्हणून त्यांनी ‘क्लोव्हन’ खूर घेतले. दुभंगलेल्या खुरांचा सर्वांत ख्यातनाम प्राणी डुक्कर होय, आणि ज्यू घरात सोयरीक जुळत असताना त्या निषिद्ध प्राण्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. उत्तर जोशने दिले: आई विचारते आहे, डुक्कर नक्की कोण.

रविवारी याएल पिनरला येऊन धडकली.

“आजोबा, लग्नात तुमचा ब्लेसिंग आहे ना, त्याच्यात तो वर्ब नको. सिंपल लव्ह म्हणा.”

“लव्हला मागेपुढे काही लागत नाही, म्हणून लोक तो कुठेही टाकतात.”

“मग तुम्ही बोलूच नका. मी नतालीला प्रॉमिस केलंय.”

एकुलत्या नातीच्या लग्नात आपण नुसती खुर्ची अडवून बसणार, हे जोसेफ यांना त्या क्षणी कळले. हदासाने घाईने चहाचा ट्रे टेबलावर टेकवला, तिचे मनगट कडेवर आपटले आणि काचेच्या बांगडीचे तुकडे खाली पडले.

“वाढली,” ती म्हणाली.

“वाढली? बांगडी मोठा झाला?”

“फुटली गं. पण फुटली म्हणायचं नसतं. वाढली म्हणायचं.”

“म्हणजे ग्रो आणि ब्रेक, सेम वर्ब? आणि मी नतालीला सांगते की फक्त आजोबा विअर्ड आहेत.”

जोसेफ काही समजावून सांगण्याच्या बेतात होते. हदासाने त्यांना थांबवले. “अहो, तुम्ही मराठीतच बोला. याएल इंग्रजीत सांगेल. तुमच्या इंग्रजीने आता कोणाचं भलं होत नाही.”

तसे ठरले. लग्नाच्या दिवशी जोसेफ उभे राहिले. व्युत्पत्ती नाही, उदाहरण नाही.

“बाळांनो, तुमचं प्रेम असंच वाढत राहो.”

काय म्हणाले, असे नतालीने पुढे वाकून विचारले. याएलने तोंड उघडले आणि ती अडली. ग्रो म्हणावे, तर ती बांगडी आठवत होती. ब्रेक म्हणावे, तर आजोबांचे डोळे भरले होते. खोटे भाषांतर करण्याची त्या घरात रीत नव्हती. दोन्ही अर्थांचा भार वाहील असे इंग्रजी क्रियापद तिला एकच ठाऊक होते.

“क्लीव्ह,” ती म्हणाली.

नतालीने हातातला काटा बशीत ठेवला. जोसेफ यांनी वाक्य मनात पुन्हा तपासले. त्यात दुरुस्त करण्याजोगे काही त्यांना सापडेना.