शिट्टी वाजवणारी तलवार

मुलांनो, तलवारीतलं माझ्याइतकं जाणणारा पंचक्रोशीत दुसरा नाही. म्हणजे पंचक्रोशीत तलवारच नाही. मी चालवलेलं सगळ्यात मोठं पातं म्हणजे घरची विळी. आत्ताही तिच्याशेजारी एक लाल भोपळा माझी वाट बघत बसलाय. बसू दे. आधी गोष्ट.

एका जंगलात एकच तळं होतं आणि तळ्यात एकच मगरमावशी. दर उन्हाळ्याचा रिवाज ठरलेला. सेनापतीनं काठावरचा हिरवा बांबू एका घावात तोडायचा. तुटला, तर मावशी पलीकडच्या काठाला. नाही तुटला, तर अख्खं तळं तिचं. बाकीच्यांनी लेकरंबाळं घेऊन डोंगर चढायचा आणि पलीकडे जाऊन पाणी प्यायचं.

सेनापती होते सुळेराव रानडुक्कर. त्यांची तलवार जपानी, थंडीत आलेल्या एका करकोच्यानं भेट दिलेली. पातं झकास, पण जड. सुळेरावांचा खांदा भरून यायचा.

झिपरू अस्वल लोहारकाम करायचं. ते म्हणालं, "साहेब, पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक उथळ पन्हळ कोरतो. धार आणि पाठ तशीच राहील, मधलं थोडं पोलाद जाईल. तलवार हाताला हलकी लागेल."

"मोडणार नाही ना रे?"

"सरळ घावाला काही होत नाही. वाकडा बसला, तर मात्र आधीइतकं सोसणार नाही."

"मी आणि वाकडा?" सुळेराव खदाखदा हसले.

पन्हळ झाली. सुळेरावांनी तलवार फिरवली आणि आवाज आला, सूंऽऽऽ! पातं सरळ फिरलं, की पन्हळीतून वारा शीळ घालायचा.

मग काय विचारता! बांबूचा सराव बंद, शिट्टीचा सुरू. रोज संध्याकाळी कार्यक्रम. माकडं दुपारपासून फांद्यांवर पानं ठेवून जागा धरू लागली. एकदा कोल्होबा सहज म्हणाले, "आज आवाज जरा बसल्यासारखा वाटला, नाही?"

सुळेराव तडक झिपरूकडे. "अजून खोल कर."

"साहेब, मध्ये पापडाएवढं उरलंय."

"मग पापड कोर. लोक काय बोलतात ऐकलंस ना?"

झिपरूला कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवत. त्यानं पापड कोरला.

उन्हाळा आला. सगळं जंगल काठावर. हरणांची पाडसं आईच्या पोटाशी. मावशी जबडा उघडून तयार. सुळेरावांनी तलवार उगारली. सूंऽऽऽ! अशी शिट्टी आजवर कुणी ऐकली नव्हती. टाळ्यांचा नुसता कडकडाट. कोण कोण वाजवतंय हे बघायला सुळेरावांनी मान वळवली. मानेबरोबर मनगटही वळलं.

पातं बांबूवर तिरकं आपटलं आणि केळीच्या पानासारखं दुमडलं. बांबू जरासा हलला, तोही शिष्टाचार म्हणून.

"वन्स मोर!" मावशी म्हणाली आणि सबंध तळ्यात ऐसपैस पसरली.

डोंगर चढता चढता जंगलानं सभा घेतली. पाडसं पाणी पाणी करत होती, पण चर्चा सखोल झाली. एकमतानं ठरलं, की बांबूला संगीतातलं काही कळत नाही. सुळेरावांना शाल मिळाली. झिपरूला नवी तलवार करायला सांगितली. या खेपेला नुसती पन्हळच, पात्याची अडचण नको.

तात्पर्य: तलवार वाकली तर वाकू द्या, शिट्टी सोडू नका. पाणी काय, डोंगरापलीकडेही मिळतं.

हे सगळं मी आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पायानं विळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "शिट्टी झकास वाजली हो. भोपळा अजून अख्खाच आहे."