फियाटचा भाव

रियाची हळद आठवड्यावर आली होती आणि किशोरीच्या अंगणात मांडव घालायला जागा नव्हती. जागा तशी होती, पण तिथे सासऱ्यांची फियाट उभी होती. चाकं मातीत रुतलेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मांडववाला दोनदा येऊन डोकं खाजवून गेला होता.

"आई, माझी हळद काय रस्त्यावर करनार?" रिया रोज विचारायची.

"मी विकायची नाय बोललो काय? भाव येऊ दे," किशोरीचा नवरा कमळाकर म्हणायचा.

भाव म्हटलं की किशोरीच्या डोक्यात तिडीक जायची. विमानतळाची कुणकुण लागण्याआधी कमळाकरने ओवे गावातली जमीन विकली आणि घेणाऱ्याने ती दसपट भावाने पुढे विकली. तेव्हापासून हा माणूस जुना फ्रीजसुद्धा विकेना. विमानतळ झाला, विमानं डोक्यावरून जाऊ लागली, तरी याचं थांबणं काही सुटलं नाही.

त्यात पुतण्या परेशने मोबाईल पुढे केला. अशाच गाडीचे कुणीतरी अठरा लाख मागितले होते.

"मागितले ना?" किशोरी म्हणाली. "मी पन बाजारात बसून बोंबलाच्या वाट्याला हजार मागीन. देनारा कोन हाय?"

तिला कोण विचारतो? परेशने जाहिरात टाकून दिली. या रंगाची महाराष्ट्रात एकच गाडी, असं त्यात होतं. खोटं नव्हतं ते, सासऱ्यांनी फाटकाचा उरलेला रंग तिला फासला होता. सगळे पार्ट मूळचे, असंही होतं, म्हणजे हॉर्नच्या जागी बसवलेली सायकलची घंटासुद्धा. शिवाय एका नामवंत नटीने हिच्यातून प्रवास केला होता. जत्रेतल्या नाटकातल्या एका बाईला उलट्या सुरू झाल्या म्हणून सासऱ्यांनी तिला पनवेल स्टँडवर सोडलं होतं, तो हा प्रवास. किंमत बावीस लाख.

आकडा ऐकून उरणहून नणंद स्नेहल लगोलग हजर झाली. जमिनीच्या वेळी न वाचता सह्या केल्या, आता गाडीतला हिस्सा सोडणार नाही म्हणाली आणि कोंबड्या हाकलून मागच्या सीटवर ठाण मांडून बसली. किशोरीला तिचा चहासुद्धा गाडीत न्यावा लागे. किशोरीने हात टेकले.

जाहिरात पाहून एकच माणूस आला, पुण्याचा. स्नेहलला खाली उतरवण्यात आलं. त्याने गाडीखाली आडवं पडून पाहिलं, पत्रा वाजवला, घंटासुद्धा वाजवली. मग हात पुसत म्हणाला, "खरं सांगू का, माझ्याकडे अशीच एक आहे. हिच्यापेक्षा बरी. तुम्हाला वीस लाखांत देतो."

कमळाकर पायरीवर बसला आणि म्हणाला, "बोलाव भंगारवाल्याला." स्नेहलची पाठ एव्हाना अवघडली होती. तीही हो म्हणाली.

कामोठ्याहून उदयसिंह भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि पंचवीस हजार म्हणाला. किशोरीने फुकटसुद्धा दिली असती. ती मान हलवून किल्ली आणायला आत वळली. तेवढ्यात न्हावा शेवा बंदराची वाट चुकलेला एक कंटेनर गल्लीत शिरला आणि टेम्पोच्या मागे उभा राहून हॉर्नने कानठळ्या बसवू लागला. उदयसिंहाला घाम फुटला. त्याला वाटलं, बाई नाराज होऊन आत चालली.

"काकी, तीस घ्या. पण लवकर उचलू द्या."

किशोरी थांबली. "तीस?"

"बरं, पस्तीस. आता नाही म्हणू नका."

भंगारवाल्याने आपणहून भाव वाढवलेला किशोरीने जन्मात पाहिला नव्हता. कंटेनर बोंबलत होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्या गाडीकडे नीट पाहिलं. तो रंग खरंच दुसरीकडे कुठे पाहिल्याचं तिला आठवेना.

"नाय विकायची," ती म्हणाली.

"अगो, परवा हळद हाय," कमळाकर काकुळतीला आला.

"तुमी गप बसा. जमिनीच्या टायमाला पन अशीच घाई केली तुमी."

टेम्पो गेला, कंटेनर गेला. रिया आत जाऊन दार लावून बसली. मांडववाला तिसऱ्यांदा आला, तेव्हा किशोरीने त्याला गाडी मधोमध घेऊन खांब रोवायला सांगितलं आणि पत्र्याला ओरखडा आला तर भरून घेईन, अशी तंबीही दिली. मग पदराने बॉनेट पुसता पुसता तिने परेशला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "अरे, ती उलट्या करनारी बाई, तिचं नाव कोनाला आठवतं काय रे?"