अर्जदार बाहेर गेले आहेत

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विवाह नोंदणी कार्यालयातील एकमेव संगणक तापला. घटना नवी नव्हती. थंडीत कर्मचारी त्यावर हात शेकत असत, आणि आतल्या पंख्याच्या घरघरीमुळे वधूवरांनी आपली संमती मोठ्याने द्यावी, अशी सूचना भिंतीवर रीतसर चिकटवलेली होती.

त्या दिवशी पहिल्या नंबरावर एक नर्स होती. रविवारी तिचे विमान होते. दूरदेशीच्या इस्पितळात दोन वर्षांची नोकरी लागली होती, आणि सोबत नवरा न्यायचा तर नोंदणीचा दाखला आज पाचच्या आत पुढे पाठवायला हवा होता. दाखला मिळाला तर बेकरीवाला तिच्याबरोबर जाणार, नाही तर दोन वर्षे इथेच पाव भाजत बसणार. बेकरीवाला म्हणजे होणारा नवरा. तो शेजारी उभा राहून रुमालाने मान पुसत होता. साक्षीदार म्हणून नर्सची मावशी आली होती. तिची जीभ साठ वर्षे वापरूनही बोथट झालेली नव्हती.

मोठे कारकून, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी नर्सचे नाव टंकायला घेतले. पहिले अक्षर पडद्यावर उमटायला चार मिनिटे लागली.

"ताई, एखादं लहान नाव नाही का?"

"ठेवताना तुम्हाला विचारायचं राहून गेलं," नर्स म्हणाली.

शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावणे गेले. त्या आल्या आणि पडद्याकडे पाहून, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "प्रोसेसर शंभर टक्के. सगळी ताकद एकटा ब्राउझर खातोय. टॅब किती उघड्या आहेत?"

"दोनशे अकरा," भाऊसाहेब किंचित अभिमानाने म्हणाले.

"बंद करा."

भाऊसाहेबांनी पडद्यावर आडवा हात धरला. या कार्यालयात टॅब म्हणजे फाइल, आणि ज्याने उघडली त्यानेच मिटायची, हा दंडक. माणसे बदलून गेली, निवृत्त झाली, टॅब राहिल्या. नव्या माणसाने कार्यभार घेताना सही करायची ती अशी: टेबल एक, खुर्च्या दोन, चालू टॅब एकशे नव्वद.

बाईंनी मग इतर उपाय केले. ब्राउझरमध्ये साठलेला कचरा पुसला. ब्राउझरला चिकटवलेली, जाहिराती अडवणारी एक जोडणी काढली, आणि ती पहिली जोडणी नीट काम करते की नाही हे पाहणारी दुसरीही काढली. ब्राउझर नवा करून घेतला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. तेव्हा ब्राउझरने अदबीने विचारले, मागच्या टॅब परत आणू का? भाऊसाहेबांनी बाईंच्या आधी हात पुढे करून 'हो' दाबले. सुट्टीला आजोळी गेलेली लेकरे परत यावीत तशा दोनशे अकराच्या दोनशे अकरा, दप्तरांसकट, घरी आल्या.

प्रकरण निबंधक मॅडमकडे गेले. मॅडमनी टॅबचा आढावा घेण्यास तत्त्वतः मंजुरी दिली. आढाव्याचा अर्ज ब्राउझरमध्येच भरायचा होता. दोनशे बारा झाल्या.

पहिली टॅब खुद्द मॅडमचीच निघाली. पाठदुखीवरचे व्यायाम, तिसऱ्या प्रकारावर थांबवलेले.

"तिसरा जमला की बंद करणारच आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसरी भाऊसाहेबांची. लेकीचा शाळेचा निकाल.

"कितवीचा?" दुरुस्तीवाल्या बाईंनी विचारले.

"सातवीचा. आता ती कॉलेजात शिकवते." भाऊसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले. "पण पहिली आली होती हो."

तिसरी एका जुन्या कारकुनाची, जे दोन वर्षांपूर्वी वारले. कुंडीतल्या झाडाला पाणी किती घालावे, अशी ती टॅब होती. खिडकीत ते झाड होते. रोज सकाळी कुणी ना कुणी टॅब वाचून त्याला तेवढेच पाणी घालत असे, आणि झाड खांद्याइतके वाढले होते. दुरुस्तीवाल्या बाईंनी उठून कुंडीतली माती बोटाने चाचपून पाहिली.

दुपारचे तीन झाले.

"असं नाही संपायचं," नर्स म्हणाली. "आमच्या वॉर्डात शंभर जण कण्हत असतात, पण ताप एकालाच असतो. तो कोण, ते बघा ना."

बाईंनी ब्राउझरची स्वतःची यादी उघडली. कोणती टॅब किती खाते, ते तिथे दिसते. मॅडमची पाठ, लेकीचा निकाल, कुंडीचे पाणी, सगळे मिळून सोळा टक्के. उरलेले चौऱ्याऐंशी एकाच टॅबचे. तिचे शीर्षक होते: 'अर्ज अपूर्ण. अर्जदार बाहेर गेले आहेत.'

ती चार वर्षांपासून उघडी होती आणि दर सेकंदाला विचारत होती, अर्जदार आले का? अर्जदार आले का?

"आठवलं," भाऊसाहेब म्हणाले. "मिशीवाले एक गृहस्थ होते. झेरॉक्स काढून आलोच, म्हणाले. मी म्हटलं, या, मी उघडीच ठेवतो."

"चार वर्षं?"

"शब्द दिला होता, बाई."

मावशी भिंतीला टेकून पुटपुटली,

"उघडून गेला दार, लावायाला विसरला
वारा शिरला घरात, वैरी दुसरा कसला"

अर्ज बंद करायला अर्जदाराची सही हवी, असा नियम. अर्जदार शोधायचा तर अर्ज उघडून पाहायला हवा. मॅडमनी परवानगी दिली. फोटो वरून खाली, सावकाश, रेघ रेघ करून उतरू लागला. आधी केस आले. मग कपाळ.

"हे कपाळ मी कुठंतरी पाहिलंय," मावशी म्हणाली.

भुवया आल्या. डोळे आले. मिशी आली. बेकरीवाल्याचा रुमाल मानेवर होता तिथेच थांबला. फोटोखाली वधू म्हणून नर्सचेच नाव होते.

"जावईबापू," मावशी म्हणाली, "मिशी काढल्यावर माणूस ओळखू येत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बेकरीवाला जमिनीकडे पाहत बोलला. "तुला न सांगता अर्ज भरणार होतो. झेरॉक्सच्या दुकानात अकरा माणसं होती, आणि तिकडे बेकरीत पीठ फुगायला ठेवलेलं. ते वर आलं की थांबत नाही ना. म्हणून गेलो."

"चार वर्षं फुगत होतं?" नर्सने विचारले.

"दुसऱ्या दिवशी यायची लाज वाटली. मग तू एकदा विचारलंस, लग्नाच्या नोंदणीचं काय? मी म्हणालो, त्यांचा कॉम्प्युटर चालत नाही. आणि नव्हताच गं चालत. मी दर महिन्याला फोन करून खात्री करून घ्यायचो."

"चार वर्षं मी ह्या ऑफिसच्या नावानं खडे फोडले. पेशंटसमोरसुद्धा."

"पोचले, ताई," भाऊसाहेब नम्रपणे म्हणाले.

बेकरीवाल्याने सही केली. टॅब मिटली. पंखा थांबला, आणि त्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे हे बऱ्याच जणांना प्रथमच ऐकू आले. नर्सचे नाव एका दमात उमटले. आता फक्त तिची सही उरली होती. तिने पेन हातात घेतले आणि थर्मामीटर वाचावा तसा नवऱ्याचा चेहरा निरखून वाचला. बेकरीवाल्याला वाटले, आता दोन वर्षे इथेच पाव भाजायचे.

"सही करते," ती म्हणाली. "माणूस खोटा नाही, उशिराचा आहे. पण ह्यापुढं झेरॉक्स मी काढणार."

चार वाजून वीस मिनिटांनी दाखला पुढे गेला, आणि कार्यालयावर खरे संकट कोसळले. यंत्र चालू होते.

"पुढचे," भाऊसाहेब म्हणाले. रांगेत सव्वीस जण होते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एकाकडे साक्षीदार नव्हता. एकाने मुलीला अजून विचारलेच नव्हते. "मला वाटलं आज काही होणार नाही," तो म्हणाला, "म्हणून तर आलो होतो." जो तो भाऊसाहेबांना सांगू लागला, तेवढं माझं उघडं ठेवा, मी येतोच. भाऊसाहेब शब्दाचे पक्के. ते उघडत गेले. पावणेपाचला पंखा पुन्हा घरघरू लागला, तशी मॅडमना जरा हुशारी वाटली.

रांगेत शेवटी तुम्ही होतात. तुमचे कागद पूर्ण होते, साक्षीदार हजर होते, फक्त एक झेरॉक्स कमी होती. तुमच्या नावाची टॅब तेव्हापासून तुमची वाट पाहत आहे. दरम्यान, कार्यालयाच्या संथ कारभाराविरुद्ध आपण पाठवलेली सविस्तर तक्रार मिळाली. ती वाचण्यासाठी त्याच यंत्रावर उघडली आहे.

उघडते आहे.