शिंच्यांची ना-हरकत पत्रं

बाबा गेल्यावर एकविसाव्या दिवशी आई बोलली. तोवर ती 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथेच' एवढ्यावर भागवत होती. घरात अकरा चावीची घड्याळं होती. बाबा घड्याळजी, रोज सकाळी ठरलेल्या क्रमाने ते सगळ्यांना चावी द्यायचे. तो क्रम दुसऱ्या कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे ते गेल्यावर घड्याळं आपापल्या सोयीने एकेक करून बंद पडली. आता भिंतींवर अकरा वेगवेगळ्या वेळा होत्या आणि त्यातली एकही जेवायची नव्हती.

तरी सगळे जेवायला बसले होते. थोरला मुलगा, धाकटी मुलगी आणि धाकटीचा नवरा. आईने ताटातला घास इकडचा तिकडे केला आणि म्हणाली, "बागेतल्या त्यांच्या बाकावर पाटी लावायची."

"लावू की," थोरला घाईने म्हणाला. आई पूर्ण वाक्य बोलली होती. ती चंद्रावर पाटी लावा म्हणाली असती तरी त्याने शिडी शोधली असती. "काय लिहायचं?"

"बस शिंच्या, घाई कसली."

बाबा भेटेल त्याला हेच म्हणायचे. घड्याळ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, पोस्टमनला, दोन्ही मुलांना. शेवटचं म्हणाले ते रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला. तो बसला नाही, पण उशीर व्हायचा तो झालाच.

"एक सांगू का?" जावई म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले. जावई छापखान्यात मुद्रितं तपासायचा. बाबा गेल्याची बातमी छापून आली तेव्हा रडण्याआधी त्याने तिच्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला होता.

"नंतर सांगा," ती म्हणाली.

नंतर म्हणजे गॅलरीत, दार लावून.

"शिंदळीचा," जावई दबक्या आवाजात म्हणाला. "मूळ शब्द तो. बोलून बोलून मधलं 'दळी' झिजलं. 'शिं' आणि 'चा' उरले."

"शिंदळ म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"बदफैली बाई."

थोरला पाणी खात्यात मीटर वाचायचा. आकडा बघायचा, लिहायचा, पुढच्या दाराशी जायचं, असा त्याचा स्वभावच झाला होता. पण हा आकडा त्याला दोनदा वाचावा लागला. "म्हणजे बाबा मला शिंच्या म्हणायचे तेव्हा..."

"तुम्हाला काहीच म्हणत नव्हते. सासूबाईंना म्हणत होते."

"आणि मला शिंचे म्हणायचे तेव्हा?" धाकटी म्हणाली.

"तेव्हाही त्यांनाच."

"आणि तुम्हाला म्हणायचे तेव्हा?"

जावयाने थोडा विचार केला. "माझ्या आईला. त्यांची आणि तिची ओळख होण्याआधीपासून."

"अहो भावोजी, अर्थ डोक्यात ठेवून कोण म्हणतं?" थोरला म्हणाला. "लाडाने म्हणतात."

"लाडाने चावलं तरी दात लागतात."

"मला जन्मापासून म्हणत होते," धाकटी म्हणाली. "मला कधी नाही लागले."

"तुला कशाला लागतील? जिला लागायचे ती स्वयंपाकघरात होती."

तिघांनी काचेतून आत पाहिलं. आई ताट उचलत होती. ताटातला घास अजून तिथेच होता.

"शब्द बदलू," थोरला हळूच म्हणाला. "बस मित्रा, घाई कसली."

"विमा विकल्यासारखं वाटतंय," धाकटी म्हणाली. "आणि बाबांना मित्र होते कुठे, दादा? सगळे शिंचेच होते."

"मग 'लेका'."

"बाई बसली तर?"

"गाढवा?"

"बापाच्या पाटीवर?"

"वेड्या?"

"बाकामागे मनोरुग्णांच्या इस्पितळाची भिंत आहे," जावई म्हणाला. हे मात्र खरं होतं.

शेवटी ठरलं की शब्द आहे तोच ठेवायचा आणि त्याचा अर्थ आईच्या कानावर कधीही जाऊ द्यायचा नाही. बेत चांगला होता. बाग खात्याच्या अर्जात सातवं कलम नसतं तर तो तडीसही गेला असता.

सातव्या कलमात लिहिलं होतं, 'मजकुरातील कोणत्याही शब्दास अपमानास्पद इतिहास नाही, असे आम्ही जाहीर करतो.' खाली दोन नातेवाइकांच्या सह्या हव्या होत्या. थोरल्याने सही ठोकली. जावयाने पेनचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.

"नाही जमत," तो म्हणाला. "तोंडी खोटं बोलेन एक वेळ. लेखी नाही."

त्याने सहीऐवजी दीड पानाची टीप जोडली. तिला तीन तळटिपा होत्या.

बाग खात्यातल्या कारकुनाने टीप शांतपणे वाचली. "हे आडनाव नाही का?" तो म्हणाला. "मला वाटलं, कोणी शिंचे म्हणून गृहस्थ आहेत. टीप नसती तर दुपारपर्यंत मंजूर करून टाकलं असतं."

थोरल्याने जावयाकडे पाहिलं. जावई खिडकीबाहेर बघत होता.

अर्ज तीन जणांच्या मजकूर समितीपुढे गेला. शब्दाचा अर्थ आज काय आहे हे बघायचं की काल काय होता हे, यावर पाऊण तास वाद झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या की, लोक विसरले म्हणजे शिवी धुऊन निघाली, ही लंगडी सबब आहे. एका सदस्याने 'लंगडी' या शब्दाला हरकत घेतली. बाईंनी तो मागे घेतला. मग हरकत घेणाऱ्यानेच 'हा काय आंधळा कारभार' असं म्हटलं आणि तेही मागे घ्यावं लागलं. त्यानंतर सगळे एकमेकांशी फार जपून आणि फार थोडं बोलले. घरातही एकवीस दिवस असंच चाललं होतं, त्यामुळे थोरल्याला परकं वाटलं नाही.

ठराव झाला तो असा. मयताने ज्यांना उद्देशून हा शब्द वापरला, त्या सर्वांची ना-हरकत पत्रं आणावीत.

थोरला दारोदार हिंडला. दारं ओळखीची होती, पण लोक त्याला बघताच मीटरची तक्रार सुरू करायचे. ती पूर्ण ऐकून घेतल्यावर तो विचारायचा, "आमचे बाबा तुम्हाला शिंच्या म्हणायचे का?" माणूस तक्रार विसरायचा. मग म्हणायचा, "रोज." आणि कागद मागायचा. शिंपी म्हणाला, आता मला असं हक्काने कोणी बोलत नाही. पोस्टमनने सही केली आणि जिन्यावर बसून राहिला.

अडला तो फक्त औषधवाला. त्याने काउंटरवरचा कागद परत सरकवला.

"मला नाही म्हणायचे," तो म्हणाला.

"एकदाही नाही?"

"अठरा वर्षं त्यांच्या गोळ्या दिल्या. 'अहो' म्हणायचे मला. 'अहो, तेवढं पाकीट देता का.'" त्याने उगाच एक बाटली सरळ केली. "पलीकडच्या शिंप्याला शिंच्या, पोस्टमनला शिंच्या. माझ्या दुकानात कधी बसलेसुद्धा नाहीत. माझं काय चुकलं, ते तुम्हाला काही बोलले का?"

थोरल्याला त्याच्यासाठी काही करता येण्यासारखं नव्हतं. त्याने खोकल्याचं औषध घेतलं. त्याला खोकला नव्हता.

त्रेसष्ट पत्रं जमली. कारकुनाने ती मोजली, टाचली आणि म्हणाला, "मातोश्रींचं कुठाय?"

"आईला ते शिंचे म्हणत नव्हते."

"पण या टिपेप्रमाणे अपमान मुळात त्यांचाच होतोय."

"तर्क बरोबर आहे," जावई म्हणाला.

"भावोजी, तुम्ही बाहेर थांबता का जरा?" थोरला म्हणाला.

त्या संध्याकाळी तिघं आईसमोर बसले. सांगायची पाळी थोरल्याची होती, पण तो सुरुवातीपाशीच घुटमळला. धाकटी रडायला लागली. मग जावयानेच सांगितलं, शक्य तितक्या सौम्य शब्दांत, आणि तळटिपा गाळून.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माहीत आहे की," ती म्हणाली.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"नऊ वर्षांची होते. आईसमोर बोलले, तर तिने आधी कानाखाली दिली आणि मग अर्थ सांगितला. उलट केलं असतं तर लक्षात राहिला नसता."

"मग बाबा असं म्हणायचे ते तू ऐकून कसं घेतलंस?" थोरला म्हणाला.

"त्यांचा शब्दच नाही तो. माझा आहे." आईने पदराने चष्मा पुसला. "लग्नाआधी भेटायला बोलावलं होतं त्या बाकावर. हे पाऊण तास उभे. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे नि म्हणायचे, निघतो आता. शेवटी मी म्हटलं, बस शिंच्या, घाई कसली. बसले गुपचूप. मग तेच वाक्य जन्मभर वाटत सुटले. ज्याच्यापाशी मन रमेल त्याला."

"म्हणजे पाटीवर..." जावई म्हणाला.

"त्यांचं बोलणं लिहा असं मी कधी म्हटलं, जावईबापू? माझं लिहायला सांगितलंय. त्यांना."

स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. ते सेलवर चालायचं. बाबा त्याला घड्याळ मानत नसत.

आईने पत्रावर सही केली. समितीनेही सहानुभूतीने विचार केला. मजकूर मंजूर, मात्र शब्दाची धार कमी व्हावी म्हणून मधे दोन टिंबं द्यावीत.

महिन्याभराने पाटी लागली. सगळे बघायला गेले.

'बस शिं..च्या, घाई कसली.'

जावयाने पाटी वाचली. मग बोटाने टिंबं मोजली. मग पुन्हा मोजली.

"एक सांगू का?" तो म्हणाला.

"नका," धाकटी म्हणाली.

"दोन टिंबं आहेत. झिजलेली अक्षरंही दोनच होती. दळी." त्याने दोन्ही टिंबं बोटाने झाकली. "शब्द आता साफ झाला होता. यांनी बरोबर तिथेच जागा करून दिली."

आणि तसंच झालं होतं. इतकी वर्षं हा शब्द ऐकून कोणी मागे वळून बघत नव्हतं. आता जाणारा-येणारा थांबत होता, ओठ हलवून टिंबं भरून बघत होता आणि दचकून पुढे जात होता. बाकावर बसत मात्र कोणी नव्हतं.

आई बसली. एका कडेला, अर्धी जागा सोडून. मुलं जायला निघाली तरी ती उठली नाही.

थोड्या वेळाने औषधवाला आला. दुकान उघडंच टाकून आला असावा, कारण त्याच्या हातात कोणाची तरी चिठ्ठी होती. त्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "निघतो आता. नुसती पाटी बघायला आलो होतो."

आईने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बस शिंच्या," ती म्हणाली. "घाई कसली."

औषधवाला बसला.