लाकूडतोड्या नसलेला खेळ

माणिकराव गणिताचे मास्तर, पण त्यांच्या वहीत गणितं कमी आणि झाडं जास्त. रस्त्यानं जाताना चिंच दिसली की सायकल तिथंच स्टँडवर लावायची, आलेखाचा कागद काढायचा आणि हिरव्या पेन्सिलीनं चौकोन भरायला लागायचं. मागं लॉरीवाला हॉर्न वाजवून बेजार. "थांब की रे अण्णा, फांदी अर्धी ऱ्हायली!" हे वर त्यालाच.

याला कारण आमच्या हुमनाबादच्या शाळेत ऐंशीच्या दशकाअखेर आलेला कॉम्प्युटर. मी मराठी शिकवायचो; मला ते यंत्र म्हणजे टीव्हीला जोडलेला टाइपरायटर वाटे. माणिकरावांनी मात्र त्यावर मुलांसाठी खेळ तयार करायचा घाट घातला; कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका. जंगलात लाकूडतोड्या शिरतो, त्याला अडवायचं आणि झाडं वाचवायची. बीदरच्या विज्ञान प्रदर्शनात हा खेळ मांडायचा, एवढी एकच त्यांची इच्छा. बायको नाही, पोर नाही, चहाचंसुद्धा व्यसन नाही. सगळा जीव त्या खेळात.

अडचण होती यंत्राच्या पोटाची. त्यात मावायचं थोडं. एखादं झाड वाढवलं की यंत्र जागा नाही म्हणून अडून बसे. दुसऱ्या कुणी चार झाडं कमी केली असती.

"झाडं तोडू नका म्हणून शिकवायलोय, अन् मीच तोडू व्हय?"

मग त्यांनी आधी संगीत काढून टाकलं. नंतर गुण काढले. नंतर लाकूडतोड्याची कुऱ्हाड, मग त्याचे पाय. आठवडाभर तो बिचारा कमरेपासून वरचाच जंगलात हिंडत होता. शेवटी वडाला जागा हवी म्हणून तोही अख्खा गेला.

हेडमास्तर बघायला आले. सगळी बटणं दाबून झाली तरी पडद्यावर नुसती झाडं.

"माणिकराव, लाकूडतोड्या कामून काढलाव? आता खेळायचं काय?"

"पण सगळी झाडं वाचली न्हाईत का?" माणिकराव खुशीत.

"त्याला परत आणा, न्हाईतर बीदर इसरा," म्हणून हेडमास्तर निघून गेले.

माणिकरावांचं तोंड उतरलं. मदत करावी म्हणून मी पडदा निरखून पाहिला. एका कडुलिंबाखाली छोटी निळी आकृती दिसली.

"ही कोण? हिला काढा, तेवढ्या जागेत लाकूडतोड्या बसेल."

माणिकरावांनी त्या आकृतीवर अलगद बोट ठेवलं.

"आमची अक्का हाय. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. शाळा सुटायच्या टायमाला ह्याच लिंबाखाली वाट बघत बसायची. अक्का गेली. मग रस्ता रुंद केला, लिंबबी गेला. आता कुठं बसवू तिला, तुमीच सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक हेडमास्तरांकडं गेलो आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडलो. खेळ होता तसाच बीदरला गेला.

बक्षीस? छे, नाव नको! पण बीदरहून परत आल्यावर बसमधनं उतरल्या उतरल्या माणिकरावांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"परीक्षक साहेब इचारले, ह्यात करायचं काय? म्हटलं, कायबी न्हाई, नुसतं बसा. तर बसले की वो, चांगले दोन मिंटं. अक्काजवळ!"