सासूबाईंचा काटा

"सासूबाईंचा काटा आजच काढून टाकू," जावई फोनवर म्हणाला. "कात्री माझ्याकडेच आहे. फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे."

चहासाठी दूध घ्यायला आलेल्या सासूबाई दारातच थांबल्या.

जावई मत्स्यबीज केंद्रात कामाला होता. तिथल्या काचेच्या हौदातली सगळ्यांत थोराड मादी येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी काही बघायची, की तिला सगळे सासूबाईच म्हणत. तिच्या अंड्यांतलं एक जनुक कापलं, तर पिल्लं बारीक काट्यांशिवाय जन्मणार होती. कात्री म्हणजे हे जनुक कापणारं औषध, बोटभर नळीतलं. केंद्रातला फ्रिज बिघडला म्हणून ते घरी आलं होतं. अंडं एका पेशीचं असेपर्यंतच ते टोचायचं. दोन पेशी झाल्या की संपलं. आणि मादी अंडी घालायची वर्षातून एकदा; तो दिवस आजचा होता.

बिनकाट्याच्या माशाचं हे स्वप्न जावयाला, तो मागणी घालायला गेला त्या दिवसापासून पडत होतं. त्याने भेट म्हणून नेलेल्या माशाचा काटा तेव्हा सासूबाईंच्या घशात अडकला होता.

तो अंघोळ करून आला. फ्रिजमध्ये दूध होतं, नळी नव्हती. घरात सासूबाईही नव्हत्या.

त्या केंद्राच्या साहेबांसमोर बसल्या होत्या, पर्स छातीशी धरून.

"तुमचा माणूस माझा काटा काढायला निघालाय."

"आपण कोण?"

"मी सासूबाई."

साहेब गोंधळले. "सासूबाई तर हौदात आहेत."

"म्हणजे जागासुद्धा ठरली."

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून साहेबांनी त्यांना हौदापाशी नेलं. तिथे हिरवट उजेड होता. पाण्याची लकाकी छतावर झुलत होती, जणू अख्खी खोलीच सावकाश तळाला चालली होती. मादी तरंगत काचेशी आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पापणी कुणाचीच लवली नाही. मादीला पापण्या नव्हत्या. सासूबाईंना सवय नव्हती.

जावई धापा टाकत पोचला. "आई, नळी?"

"विष आहे ना हे?"

"कात्री आहे."

"कात्री अशी असते?"

त्यांच्या पर्समधली नळी घेऊन तो बाजूच्या सूक्ष्मदर्शकावर वाकला. अंड्यातली साबणाच्या फुग्यासारखी पेशी केव्हाच अलगद दुभंगली होती. त्याच्या डोळ्यांदेखत दोनाच्या चार झाल्या. ते इतकं सुंदर दिसत होतं, की त्याला रडायचंही सुचेना.

"आता पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले, आणि सासूबाईंना सगळा प्रकार समजावून निघून गेले.

"माझ्यासाठी चाललं होतं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला मासा सुखानं खाता यावा म्हणून."

सासूबाई पुन्हा हौदाकडे वळल्या.

"जावईबापू, मागणीच्या दिवशी मी नकोच म्हणणार होते. तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. लोकांनी तोच होकार धरला."

जावयाने नळी खिशात टाकली.

"तेव्हा राहू द्या हिचे काटे." त्यांनी काचेवर हात टेकवला. "हिच्याही पोरी लग्नाच्या होतील."